खाटेवरची साक्ष

मराठी वाङ्मयाला म्हातारपण परके नाही. 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून घराबाहेर पडलेला बाप आपल्या मनात कायमचा येऊन बसला. जयवंत दळवींनी 'संध्याछाया'मध्ये मुले दूर गेलेल्या नाना-नानींचे रिकामे घर दाखवले; 'कालचक्र'मध्ये आईबापांनीच दत्तक जाण्याची विलक्षण कल्पना रचली. या नाटकांचे मोठेपण मी मानते. मात्र त्यांच्यात आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी कथांत एक गोष्ट समान आहे. खटला असतो तो मुलावर आणि सुनेवर. आईबापांना घरात ठेवले की बाहेर काढले, एवढाच त्या खटल्यातला प्रश्न, आणि वाचक हा न्यायाधीश. वृद्धाश्रम हा शब्द या कथांत येतो तो शिक्षेचे नाव म्हणून. रिक्षा फाटकाशी थांबते, ट्रंक उतरवली जाते, मुलगा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो, आणि लेखक फाटकावरूनच परत फिरतो.

त्या फाटकाच्या आत माणूस पुढे पाच वर्षे, दहा वर्षे जगतो. तिथे सकाळचा चहा किती वाजता येतो, न्हाणीघराची फरशी ओली असते की कोरडी, भिंतीला धरायला दांडी आहे की नाही, रात्री हाक मारली तर कोण येते आणि किती वेळाने येते, गोळी कशासाठी दिली असे विचारले तर उत्तर मिळते की डोळे वटारले जातात, यांवर त्याचे सुखच काय, प्राणही अवलंबून असतात. आमच्या साहित्याने या गोष्टी व्यवस्थापकाच्या वहीत राहू दिल्या. कुणी म्हणेल, यात वाङ्मयाचा विषय कुठला? हा तर तपासनिसाचा विषय. या आक्षेपाचे उत्तर मला तीन इंग्रजी कादंबऱ्यांत सापडले, म्हणून हा लेख. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; इंग्रजी वाचते ती कोश उजव्या हाताशी ठेवून, आणि त्यामुळे हळू. ज्या पुस्तकांविषयी लिहिणार आहे त्यांना हळू वाचणे चांगले मानवते.

यांतली मला सर्वांत जवळची वाटलेली कादंबरी मे सार्टन या अमेरिकन लेखिकेची. सार्टनचा जन्म 1912 साली बेल्जममध्ये झाला. विज्ञानाच्या इतिहासाचे थोर अभ्यासक जॉर्ज सार्टन यांची ती मुलगी. कविता, कादंबऱ्या आणि विशेषतः रोजनिशा लिहून 1995 साली ती वारली. 'ॲज वुई आर नाऊ' ही तिची कादंबरी 1973 सालची. पुरती दीडशे पानेही नाहीत. नायिका कॅरो स्पेन्सर 76 वर्षांची, अविवाहित, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली. हृदयविकाराचा झटका येतो, एकटीने राहणे अशक्य होते, ती थोरल्या भावाच्या घरी जाते. भावजयीशी पटत नाही. (अमेरिकेतही नणंद-भावजयीचे आपल्यासारखेच असते, हे वाचून मला अंमळ बरे वाटले.) मग भाऊ तिला एका खेड्याजवळच्या आश्रमात नेऊन सोडतो. हे सर्व पहिल्या काही पानांतच आटोपते. आमची कथा जिथे संपली असती तिथे सार्टनची कादंबरी सुरू होते.

आश्रम चालवणारी हॅरिएट आणि तिची मदतनीस रोझ. खाटांवर बहुतेक म्हातारे पुरुष. इथे काय छळ होतो असे विचारले तर ठळक असे पटकन सांगता येत नाही, आणि लेखिकेचे सामर्थ्य नेमके यातच आहे. कुणी काठीने मारत नाही. बोलताना आवाज लहान मुलाशी बोलल्यासारखा लावला जातो. गोळ्या दिल्या जातात आणि दुपार कुठे गेली ते कळत नाही. लिहिलेले पत्र भलत्याच हाती पडते. तक्रार केली, तर तक्रार करणे हेच डोके ठिकाणावर नसल्याचे लक्षण ठरते. कॅरो हे सारे एका वहीत उतरवू लागते. आपली आठवण वयाने दगा देते आहे की गोळ्यांनी, हे तिला सांगता येत नाही. लिहिलेले तेवढे पक्के, म्हणून लिहायचे. या वहीला ती मृतांचे पुस्तक म्हणते, आणि आपण वाचतो ती कादंबरी म्हणजे ही वहीच. गणिताच्या बाईने लिहिलेली असल्याने तिच्यात पायऱ्या गाळलेल्या नाहीत. कोणत्या दिवशी मन कुठे होते, दुसऱ्या दिवशी कुठे घसरले, याचा ताळेबंद ती इतक्या कोरडेपणाने मांडते की मला काही पाने वाचून थांबावे लागले.

मधल्या काही दिवसांपुरती हॅरिएट सुटीवर जाते आणि तिच्या जागी ॲना क्लोज नावाची शेतकरी बाई येते. ती फार शिकलेली नाही, वृद्धसेवेचे कुठले प्रमाणपत्र तिच्याजवळ नाही. अंथरूण स्वच्छ होते, ताट नीट मांडून येते, हाक मारली की माणूस येते. एवढ्यानेच कॅरोच्या वहीतली भाषा बदलते; वाक्ये लांबतात, त्यांत ऊन येते, जुने दिवस येतात. देखभालीचा दर्जा म्हणजे काय याची व्याख्या सरकारी कागदांतून करणाऱ्यांनी ही पाने जरूर वाचावीत. सेवा सुधारली की रोग्याचे वाक्य सुधारते, हे माप कुठल्याही तक्त्यात नाही. पुढे हॅरिएट परत येते, आणि कॅरोने ॲनाला लिहिलेले मायेचे पत्र तिच्या हाती लागते. त्या पत्राला ती घाणेरडे ठरवते. या प्रसंगानंतर कॅरोजवळ गमावण्यासारखे काही उरत नाही.

कादंबरीतल्या तपासणीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण शाळामास्तरणीला तपासणी म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. गावातला तरुण धर्मोपदेशक कॅरोला भेटायला येतो, तिचे म्हणणे खरे मानतो आणि सरकारी तपासणी घडवून आणतो. तपासणी होते, आश्रमाचे मुळातले काही बदलत नाही, बदलते ते एवढेच की तक्रार कुणी केली हे हॅरिएटला कळते, आणि पुढचे दिवस कॅरोला भारी जातात. आमच्याकडे शाळेत पूर्वी 'दिपोटी' यायचे, आता विस्तार अधिकारी येतात. येण्याची बातमी दोन दिवस आधी पोचते. फळ्याला काळा रंग लागतो, पाण्याच्या पिंपावर झाकण येते, आणि वर्गातल्या एका विशिष्ट मुलाला त्या दिवशी घरी राहायला सांगितले जाते, कारण तो विचारले तर खरे बोलतो. साहेब वह्या पाहतात, हजेरीपट पाहतात, शेरा लिहून जातात. त्या घरी बसवलेल्या मुलाची साक्ष शेऱ्यात येत नाही. सार्टनने हे इतके अचूक पकडले आहे की ती कधी शाळेत शिकवत होती की काय अशी शंका मला आली. होतीही ती, पण महाविद्यालयात. तपासनीस खाटा मोजतो, औषधांचे कपाट उघडतो, दरवाजाची रुंदी मोजतो. हे सारे आवश्यक आहे. खाटेवरच्या बाईला तो विचारतो तेव्हा शेजारी हॅरिएट उभी असते.

इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने ही अडचण ओळखली होती. 'द लास्ट रेफ्यूज' हा त्याचा 1962 सालचा ग्रंथ इंग्लंड-वेल्समधल्या वृद्धांच्या 173 संस्था पाहून लिहिलेला आहे. आकडे त्यात भरपूर आहेत. मला मोलाची वाटली ती गोष्ट अशी की या कामासाठी त्याने एका संस्थेत म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या मदतनिसाचे काम काही काळ केले. पाठ चोळून घेणारा म्हातारा जे बोलतो ते प्रश्नावली पुढे धरल्यावर बोलत नाही. तपासनिसाचा विषय आणि कादंबरीकाराचा विषय हे निराळे आहेत असे म्हणणाऱ्यांनी या अंघोळीचा विचार करावा.

सार्टनच्या कादंबरीचा शेवट आगीत होतो. कॅरो ज्वालाग्राही द्रव जमवते, वही आगीतून वाचेल अशी शीतकपाटात ठेवते, आणि रात्री आश्रम पेटवून देते. स्वतः जळते, हॅरिएट जळते, खाटांवरचे म्हातारे जळतात. वही मागे राहते. हा शेवट वाचून अनेकांना सुटकेचा निःश्वास सोडावासा वाटतो. लेखिकेचीही तीच इच्छा असावी, कारण आग तिथे शुद्धीसारखी येते. माझे सार्टनशी भांडण इथे आहे.

भांडणाचे कारण समजण्यासाठी कादंबरीबाहेरच्या दोन आगी माहीत असाव्या लागतात. मिसुरी राज्यात वॉरेंटन या गावी 17 फेब्रुवारी 1957 रोजी वृद्धांच्या एका निवासाला आग लागली आणि 72 माणसे गेली. त्यानंतर ओहायो राज्यात फिचव्हिल इथे 23 नोव्हेंबर 1963 रोजी पहाटे तसाच एक आश्रम जळाला, 63 मृत्यू. ही तारीख पुन्हा वाचावी. आदल्या दिवशी डलासला अध्यक्ष केनेडींचा खून झाला होता. त्या आठवड्यात अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत एकच मृत्यू होता. 63 म्हातारे बातमीच्या तळाशी गेले. सार्टनची कादंबरी आली तेव्हा या आगीला दहा वर्षेही झाली नव्हती. वृद्धाश्रमातली आग अमेरिकन वाचकाला प्रतीक म्हणून नवी असेल, घटना म्हणून नवी नव्हती.

आता कॅरोच्या आगीत जळलेले ते बाकीचे म्हातारे कोण? स्टँडिश फ्लिंट हा बहिरा, अभिमानी शेतकरी सोडला, तर त्यांच्याविषयी कादंबरी जवळजवळ काहीच सांगत नाही. फ्लिंटही शेवटापूर्वीच मरतो. उरलेले पुरुष पलीकडच्या खोलीत पडलेले, खोकणारे, एकमेकांपासून वेगळे न काढता येणारे असे आहेत. आपली साक्ष कुणी ऐकत नाही ही कॅरोची सारी तक्रार. त्या पुरुषांची साक्ष कॅरोही ऐकत नाही आणि तिची लेखिकाही ऐकत नाही. त्यांना जगायचे होते की नाही हे कुणी विचारले? नायिकेच्या हातून असे घडणे मी समजू शकते. बंदिवान माणूस क्रूर होतो, आणि तो तसा दाखवणे हे लेखकाचे कामच आहे. परंतु पुस्तकाने तरी त्या खाटांकडे एकदा वळून पाहायला हवे होते. ते पाहत नाही, म्हणून शेवटची आग मला भव्य वाटण्याऐवजी घाईची वाटते. हे मान्य करूनही पुस्तकाचे पहिले तीन भाग इतके खरे आहेत की ते मी पुन्हा वाचेन.

खऱ्या आगीत कादंबरीकाराला हवे ते सारे असते, आणि ते शुद्धीचे नसते. स्कॉटलंडमधल्या रोझपार्क या वृद्धनिवासात 31 जानेवारी 2004 च्या पहाटे एका कपाटात विजेच्या दोषाने आग लागली. कपाटापुरतीच ती राहिली असती, पण धूर व्हरांड्यात आला आणि 14 माणसे दगावली. घंटा वाजल्यावर आग कुठे आहे ते शोधण्यात रात्रपाळीच्या बायकांची मिनिटे गेली आणि अग्निशामक दलाला फोन उशिरा गेला. पुष्कळ खोल्यांची दारे उघडी होती. दार बंद असते तर धूर आत शिरायला वेळ लागला असता. दार उघडे का असते? म्हातारपणी रात्री बंद खोलीत झोप लागत नाही. व्हरांड्यातला दिवा दिसावा, कुणाच्या चपलांचा आवाज यावा, हाक मारली तर ऐकू जावी असे वाटते. नियम म्हणतो दार लावा. माणूस म्हणतो उघडे ठेवा. आणि दोघेही खरे बोलत असतात. आता दार उघडे असले तरी घंटेबरोबर आपोआप लागावे अशी यंत्रे निघाली आहेत. ती बसवायला पैसा लागतो, आणि त्याआधी ते उघडे दार कुणाला तरी महत्त्वाचे वाटावे लागते. एका दाराच्या फटीत सुरक्षितता आणि सुख यांचे एवढे मोठे भांडण असताना आम्ही लेखक फाटकावर उभे राहून मुलाच्या घड्याळाकडे पाहत राहिलो आहोत.

म्यूरिएल स्पार्कची 'मेमेंटो मोरी' (1959) या दोघींच्या मानाने खेळकर. सारी कादंबरी म्हाताऱ्यांची आहे, त्यातला एक धागा लंडनच्या एका रुग्णालयातल्या वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डातला. जीन टेलर ही एका लेखिकेची जुनी मोलकरीण त्या वॉर्डात आहे. बुद्धीने ती आपल्या मालकिणीच्या सर्व मित्रमंडळींपेक्षा तल्लख. वॉर्डात मात्र ती 'ग्रॅनी टेलर' होते, कारण तिथे सगळ्याच 'ग्रॅनी'. स्पार्क यावर रडत नाही. ती फक्त तो शब्द पुन्हा पुन्हा येऊ देते.

इथे मराठी वाचकाला थांबावेच लागते. कारण आपल्याकडे 'आजी' हा मानाचा शब्द आहे, आणि परक्या म्हातारीला नावाने हाक मारणे हा उद्धटपणा. आपल्या आश्रमांत राहणारे सगळे आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, उचलून नेणारे मामा. सारे घरच. एका दिवाळीत मी वर्गातल्या मुलांना घेऊन एका आश्रमात फराळ वाटायला गेले होते. पुड्यांवर मुलांच्या अक्षरात नावे घालावीत म्हणून आधी यादी मागवली. आली ती खाटांच्या क्रमांकांची. त्या यादीला मी नावे ठेवणार नाही. कुणाला साखर चालत नाही, कुणाला दात नाहीत म्हणून चकली नको, हे तीत चोख लिहिलेले होते, आणि त्यामुळे त्या दिवशी कुणाचे काही बिघडले नाही. सात नंबरच्या आजींना लाडू नको, एवढे आम्हांला पक्के ठाऊक होते. देखभाल चांगली होती असेच मी म्हणेन. नाव मात्र यादी करणाऱ्याला लागले नव्हते. 'आजी' म्हटले की मायेचा आणि क्रमांकाचा असे दोन्ही हिशोब एकाच शब्दात भागतात, आणि कुठला हिशोब चालू आहे हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. इंग्रजी लेखिकेला 'ग्रॅनी'तला अपमान सहज दाखवता आला. मराठी लेखकाचे काम अधिक अवघड आहे.

तिसरे पुस्तक बी. एस. जॉन्सनचे 'हाउस मदर नॉर्मल', 1971 सालचे. सभ्य वाचकाने ते जपून उघडावे. त्यातले काही प्रसंग शिसारी आणणारे आहेत, आणि लेखकाला ते तसेच हवे आहेत. एका वृद्धाश्रमातली एक संध्याकाळ: जेवण, आश्रमाचे गाणे, काही काम, काही खेळ. ती संध्याकाळ आठ म्हातारी माणसे आळीपाळीने आपापल्या मनातून सांगतात आणि नववी साक्ष आश्रमाच्या चालिकेची. प्रत्येकाला सारखीच पाने. इतकेच काय, एका पानाच्या ज्या ओळीवर पहिल्या म्हातारीला हाक मारली जाते, त्याच पानाच्या त्याच ओळीवर दुसऱ्याला ती हाक ऐकू येते, किंवा येत नाही आणि ओळ कोरी राहते. पार्सल पुढे सरकवण्याचा एक खेळ आहे. एका साक्षीत ते नुसते पुडके असते. आत कुत्र्याची घाण आहे हे हळूहळू, वेगवेगळ्या नाकांतून, आपल्याला कळते. चालिकेच्या मते हा करमणुकीचा कार्यक्रम आहे.

प्रत्येक साक्षीच्या डोक्यावर एक तक्ता दिला आहे: नाव, वय, दृष्टी इतके टक्के, श्रवण इतके टक्के, चव, वास, हालचाल, जडलेले रोग. शेवटी एक आकडा, दहा ठराविक प्रश्नांपैकी किती उत्तरे बरोबर आली याचा: आज वार कोणता, साल कोणते, आपण कुठे आहोत, अशा प्रकारचे प्रश्न. शाळेत आम्ही प्रगतिपुस्तक भरतो, त्याचीच ही म्हातारपणची आवृत्ती. तक्ता खोटा नाही. त्याच्याशिवाय औषध देता येणार नाही, कुणाला एकट्याने न्हाणीघरात जाऊ द्यायचे आणि कुणाला नाही हे ठरवता येणार नाही. जॉन्सन त्याची थट्टा करतो असे काही समीक्षक मानतात. मला तसे वाटत नाही. तो तक्ता आणि त्याखालची माणसे शेजारी शेजारी ठेवतो, आणि दोहोंतले अंतर वाचकाकडून चालवून घेतो. सार्टनला जे साधले नाही ते इथे साधले आहे. पलीकडच्या खोलीतले खोकणारे पुरुष इथे पलीकडे राहत नाहीत. त्यांनाही त्यांच्या वाट्याची पाने मिळतात.

चालिकेला शेवटची साक्ष देणे हेही मला योग्य वाटते. सार्टनची हॅरिएट ही जवळजवळ निखळ दुष्ट आहे, आणि निखळ दुष्टावर कादंबरी फार काळ उभी राहत नाही. आपल्याकडच्या आश्रमातली मावशी घ्या. रात्रभर जागायचे, एकटीने पुरुषभर वजनाचा देह कुशीवर वळवायचा, चादरी बदलायच्या, पहाटे बस धरून घरी जायचे, तिथे स्वतःची सासू अंथरुणावर. ती रात्री तिसऱ्या हाकेला आली तर ती दुष्ट आहे की दमलेली? वळवायला उशीर झाला की पाठीला जखम होते, आणि ती जखम कुणाच्या नावावर लिहायची हे वहीत ठरलेले असते. बांधून ठेवणे सोपे पडते. अमेरिकेने 1987 साली कायदा करून शिक्षेसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी म्हाताऱ्यांना बांधणे आणि औषधाने गुंगवणे यांना मनाई केली. सोयीसाठी हा शब्द कायद्यात घालावा लागला, यावरून ती सोय किती रुळलेली होती ते दिसते. आपला 2007 सालचा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा राज्य सरकारांना जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढण्याची मुभा देतो, आणि तिथला दर्जा काय असावा ते ठरवण्याचे राज्यावर सोपवतो. मुलांनी आईबापांना पोटगी द्यावी यासंबंधीची कलमे त्यात अधिक ठसठशीत आहेत. म्हणजे कायद्यातही खटला मुख्यतः मुलावरच आहे. आमच्या नाटककारांना दोष का द्यावा?

जॉन्सनच्या पुस्तकातली आठवी साक्ष रोझेटा स्टँटनची. वय 94. तक्त्यातले तिचे आकडे सर्वांत खालचे. त्यांवर विश्वास ठेवला तर तिथे कुणी उरलेलेच नाही. तिची पाने बहुतेक कोरी आहेत. मधेच कुठे एखादा शब्द तरंगत येतो. मी कोशात शोधला, सापडला नाही. ते शब्द वेल्श आहेत, आणि त्या इंग्रजी आश्रमात ते कुणाला कळत असल्याचे पुस्तकात कुठे दिसत नाही. मग एका पानावर, काही सूचना न देता, थोडी स्पष्ट इंग्रजी वाक्ये येतात. ती म्हणते की मी माझ्यातच कोंडलेली आहे, हलवले की यातना होतात, मला बाहेर काढा. त्यानंतर पुन्हा कोरी पाने. तोंडाने ती हे बोलली की नाही, आणि बोलली असल्यास कुणी ऐकले की नाही, हे ठरवण्याचा मार्ग बाकीच्या साक्षी पुन्हा चाळून पाहणे हाच आहे; मी चाळून पाहिल्या.

पुण्यामुंबईच्या आश्रमांत खानदेशातल्या, तळकोकणातल्या, वऱ्हाडातल्या कितीतरी बाया आहेत. मुलांच्या नोकरीमागून त्या शहरात आल्या, चाळीस वर्षे प्रमाण मराठी बोलल्या, आणि आता शेवटी शेवटी त्यांचे शब्द अहिराणीकडे, मालवणीकडे परतू लागले आहेत. रात्री दोन वाजता तहान लागली की त्या पाणी कुठल्या शब्दांत मागतात हे रात्रपाळीच्या मावशीला ठाऊक असते. तिची ड्यूटी सकाळी सातला संपते. बस येईपर्यंत ती फाटकाशी उभी असते.